बिडाची जाळी आणि कोळशाचं ग्रिल: सीझनिंग, सफाई आणि पावसाळ्यातली निगा

निखारा

बिडाच्या तव्यावर इथे भरपूर चर्चा झाली आहे. पण तव्याचे नियम कोळशाच्या ग्रिलवरच्या जाळीला जसेच्या तसे लावले की गडबड होते, म्हणून हा वेगळा धागा. तवा गॅसवर सहसा २००-२५० अंशांच्या पुढे जात नाही. भर निखाऱ्यांवर ठेवलेली जाळी मात्र ३५० ते ४०० अंश (सगळे आकडे सेल्सिअसमध्ये) सहज गाठते. तेलाचा जो काळा थर आपण भाजून चढवतो (सीझनिंग), तो याच टप्प्यात जळून करडी भुकटी व्हायला लागतो. त्यामुळे तव्याचं सीझनिंग वापरागणिक वाढतं, तर जाळीचा मधला भाग दर वेळी थोडा उघडा पडतो. हे गृहीत धरूनच जाळीची निगा ठरवायची. एकदा भरपूर तेल चढवलं की काम संपलं, असं इथे होत नाही.

आधी ग्रिलमधला कुठला भाग कशाचा आहे ते बघून घ्या. भाजायची जाळी बिडाची असेल आणि तिचा पृष्ठभाग मंद काळा, किंचित खरखरीत असेल तर ती सीझन करायची. तीच जर काचेसारखी चकचकीत असेल तर ती एनॅमलची आहे. तिला सीझनिंगची गरज नाही, उलट वरून तेल भाजलं तर नुसता चिकट थर बसतो. लोहचुंबकाने फरक कळणार नाही, दोन्हीला तो चिकटतो. एनॅमल उडालेल्या जागी मात्र आतलं बीड उघडं पडून गंजतं. तेवढ्याच ठिकाणी दर वापरानंतर तेलाचा हात फिरवत राहायचं आणि एनॅमलचे टवके सुटून अन्नात यायला लागले तर जाळी बदलायची. निखाऱ्यांखालच्या जाळीला तेल लावणं व्यर्थ आहे, ती लालबुंद होते, तिथे काही टिकत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. जाळी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि काथ्याने दोन्ही बाजूंनी घासा. नवी असेल तर कारखान्यातलं संरक्षक तेल किंवा मेण निघेपर्यंत दोनदा धुवा. पुसून लगेच आचेवर ठेवा आणि पाणी पूर्ण उडेपर्यंत, म्हणजे साधारण १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा. जोडाच्या कोपऱ्यांत पाणी सगळ्यात शेवटी सुकतं, तिथे नीट बघा. जाळी हाताला सोसेल इतकी कोमट झाली की तेल लावा. मोठ्या गोल जाळीला, दोन्ही बाजू धरून, एक चहाचा चमचा तेल पुरतं. सळ्यांच्या बाजू आणि खालचा भागही सोडायचा नाही. मग दुसरं कोरडं सुती फडकं घेऊन सगळं तेल पुसून काढा, जणू चुकून लागलं होतं. जाळी कोरडी दिसली पाहिजे. जे उरतं तेच पुरेसं असतं.

ग्रिल झाकणाचं असेल (५७ सेंटिमीटरची केटल, म्हणजे गोल वाडग्यासारखं ग्रिल, धरून सांगतो) तर ४०-५० ब्रिकेट (दाबून केलेल्या कोळशाच्या वड्या) चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या नळकांड्यात, पेटवा, वर राखेचा पांढरा थर आला की निम्मे एका कडेला, निम्मे दुसऱ्या कडेला लावा. मधली जागा मोकळी राहील. जाळी ठेवा, झाकण लावा, हवेची वरची आणि खालची झडप पूर्ण उघडी. झाकणावरच्या तापमापकाचा काटा २२०-२३० वर आला की तिथून एक तास. त्यापेक्षा जास्त चढला तर खालची झडप अर्धी बंद करा. पहिल्या वीसेक मिनिटांत धूर येईल, मग कमी होईल. धूर पूर्ण थांबण्याआधी जाळी काढली तर थर कच्चा राहतो. तासाभराने झाकण न उघडता थंड होऊ द्या. असे तीन थर केले की जाळी वापरायला तयार. ज्या सळ्या थेट निखाऱ्यांवर होत्या त्या फिकट दिसतील, म्हणून पुढच्या थराला जाळी पाव फेरी फिरवून ठेवा.

उघडी शेगडी असेल तर झाकणाची सोय करावी लागते. लोखंडी घमेलं उपडं घालता येतं, मात्र ते जस्ताचं पाणी चढवलेलं किंवा रंगवलेलं नको. एका बाजूला दगड लावून बोटभर फट ठेवा, नाहीतर निखारे विझतील. आणि जाळी ओटीजीत मावत असेल तर सरळ ओटीजी वापरा, २३० अंशांवर एक तास. तिथे तापमान हातात राहतं.

मृद्गंधा

छान धागा. एक शंका. जाळी ओटीजीत १८० ला तासभर ठेवली, तेल शेंगदाण्याचं. वरून काळी-तांबूस, चमकदार दिसते, पण बोट लावलं की चिकटतं आणि काही ठिकाणी तेलाचे थेंब गोठल्यासारखे झालेत. अजून एक थर द्यावा का?

रसायनी

नवा थर आत्ता देऊ नका, खालचा कच्चा थर तसाच अडकून राहील. तुमच्याकडे दोन गोष्टी एकदम झाल्या आहेत: तेल जास्त आणि उष्णता कमी.

सीझनिंग म्हणजे वाळलेलं तेल नव्हे. तेलातल्या असंतृप्त स्निग्धाम्लांच्या साखळ्या उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यामुळे एकमेकींत गुंफल्या जातात आणि धातूला घट्ट धरणारा कडक थर तयार होतो. जाड थरात वरचा पापुद्रा आधी कडक होतो, ऑक्सिजन आत पोचत नाही आणि खाली तेल मऊच राहतं. चिकटपणा त्याचाच. १८० अंशांवर ही क्रिया शेंगदाणा तेलात फार सावकाश होते. जाळी तशीच परत २३० अंशांवर तास-दीड तास ठेवा, या वेळी तेल अजिबात न लावता. पातळ भाग बहुतेक पक्के होतील. गोठलेले थेंब मात्र खरवडूनच काढावे लागतील, ते नंतर खपली होऊन निघतातच आणि सोबत आजूबाजूचा चांगला थर घेऊन जातात. पुढच्या वेळी जाळी उभी किंवा पालथी ठेवा आणि दहा मिनिटांनी बाहेर काढून गरम असतानाच कोरड्या फडक्याने एकदा पुसा. तापल्यावर तेल पातळ होऊन सळ्यांच्या खालच्या कडेला जमतं, ते या पुसण्यात निघून जातं.

थर पक्का झाला का, हे ओळखायला पांढरं कोरडं फडकं जोरात फिरवा. तपकिरी, तेलकट डाग आला तर कच्चा आहे. फडकं जवळपास कोरं राहिलं आणि बोट सरकलं तर पक्का.

तेलाबद्दल: साखळ्या किती गुंफल्या जातील याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून (तेल किती असंतृप्त आहे त्याचं माप) येतो. खोबरेल दहाच्या आसपास, शेंगदाणा ८५ ते १०५, सूर्यफूल १२० ते १४०, करडई त्याहून थोडं वर, जवस १७० च्या पुढे. आकडा मोठा तितकं बरं, असं वाटून बरेच जण जवसाकडे जातात. जवसाचा थर पहिल्या दिवशी सुरेख दिसतो, पण तो कडक आणि ठिसूळ असतो. कोळशावर जाळी दर वेळी भराभर तापते-निवते, बीड फुगतं-आकसतं, आणि जवसाचे पोपडे निघतात. माझी पसंती रिफाइंड सूर्यफूल किंवा करडईला. सोयाबीनही चालतं, अमेरिकेतल्या लॉज कंपनीच्या बिडाच्या भांड्यांना कारखान्यात सोया तेलाचाच थर भाजलेला असतो.

सुरक्षेचं एक: जवसाने किंवा करडईने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना ही तेलं उष्णता सोडतात, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग फेका.

खाडीकाठ

खोबरेलाबद्दल थोडा मतभेद. किनाऱ्यावरच्या घरांत बिडाच्या तव्याला, आप्पेपात्राला खोबरेलच लावतात आणि त्यावर घावणं, आप्पे सुटतात.

रसायनी

सुटतात, कारण त्या भांड्यांत प्रत्येक घाण्याला ताजं तेल पडतं. तिथे तेल वंगण म्हणून काम करतं. जाळीवर अन्नाखाली तेलाचं तळं नसतं, त्यामुळे थर स्वतःच पक्का असावा लागतो. खोबरेलाची स्निग्धाम्लं बहुतांश संतृप्त, ती एकमेकींत गुंफली जात नाहीत, भर आचेवर धूर होऊन उडतात. रोजच्या पुसण्याला खोबरेल वापरायला हरकत नाही. पाया मात्र सूर्यफुलाचा घाला.

ओतशाळा

बिडाच्या बाजूने काही गोष्टी.

बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो आणि भांडी-जाळ्यांच्या करड्या बिडात तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. प्रत्येक पापुद्रा म्हणजे धातूमधली एक आयती फट. म्हणून बीड वाकत नाही, सरळ तुटतं. तापलेल्या जाळीवर गार पाणी ओतणं, थंडगार जाळी भडकलेल्या निखाऱ्यांवर एकदम ठेवणं, फरशीवर आपटणं, या तिन्हींनी तडा जातो. जाळी चिमणी पेटवतानाच ग्रिलवर ठेवा, म्हणजे ती हळूहळू तापेल.

कोल्हापूर-शिरोली भागातल्या किंवा आणखी कुठल्याही स्थानिक ओतशाळेतून जाळी ओतून घेतली तर तिच्यावर साच्याच्या वाळूचा खरखरीतपणा आणि सांध्याची धार असते. धार कानशीने काढा. वरचा पृष्ठभाग ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, तिथेच थांबा. आरशासारखा गुळगुळीत केला तर तेलाच्या थराला धरायला काही उरत नाही. खोबणीत अडकलेली वाळू तारेच्या ब्रशने आणि हवेच्या झोताने काढा, नाहीतर ती पहिल्या भाजणीत कणसाला लागते. आणखी एक, ऑर्डर देतानाच सांगा की रेड ऑक्साइडचा रंग मारू नका. भंगारातली जुनी जाळी घेणार असाल तर तिच्यावर कुठला रंग होता ते कळत नाही, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. ती भाजायला वापरू नका.

जाळी साफ करायला ती सरळ जाळात टाकून द्यायची पद्धत फार ठिकाणी दिसते. कीट जळतं हे खरं. पण बीड ६५०-७०० अंशांच्या पुढे काही वेळ राहिलं की पृष्ठभागाची रचनाच बदलते, तांबूस, निस्तेज चट्टे उठतात आणि त्यांच्यावर सीझनिंग धरत नाही. घासून ते जात नाहीत. जाळी वाकडी होण्याची शक्यता असते ती वेगळीच. कीट काढायला इतक्या आचेची गरज पण नसते.

निखाऱ्यांखालच्या जाळीबद्दल निखारा यांनी दोन ओळींत आटोपलं, थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यात आधी तीच जाते. वारंवार ५५० अंशांच्या वर तापणारं बीड हळूहळू फुगतं. आतल्या कार्बाइडचं विघटन होऊन ग्रॅफाइट वाढतो, फटींतून ऑक्सिजन शिरून आतूनही गंज धरतो. सळ्या जाड होतात, मधे झोल येतो, शेवटी वरचे पापुद्रे निघायला लागतात. हे थांबत नाही, पण लांबवता येतं. खालून येणारी हवा या जाळीला गार ठेवत असते. राखेचा ढीग वाढत जाळीच्या तळाला टेकला की हवा अडते आणि वरची सगळी उष्णता सळ्यांत साठते. म्हणून प्रत्येक वेळी पेटवण्याआधी राख काढा. शिवाय तीन-चार महिन्यांतून एकदा जाळी उलटी करा, झोल उलट बाजूने भरून येतो. सळ्यांमधून कोळशाचे तुकडे खाली गळायला लागले की बदलण्याची वेळ झाली. ही जाळी खपणारा भाग आहे, तिच्यावर तेल खर्चू नका.

मिशिगनकर

ओतशाळा, राखेचा मुद्दा कामाडोला (सिरॅमिकचं अंड्याच्या आकाराचं झाकणाचं ग्रिल) तर दुपटीने लागू. तिथे अग्निपेटीच्या तळाला बिडाची छोटी गोल ताटली असते, तिची भोकं बुजली तर आचच चढत नाही आणि लोक झडपेला दोष देतात. पेटवण्याआधी वाकड्या सळईने भोकं मोकळी करा.

कामाडोच्या डोक्यावर बिडाची फिरती टोपी असते (बिग ग्रीन एग या कामाडो ब्रँडच्या जुन्या मॉडेलांवर तीच आहे), तिची वेगळी काळजी लागते. ती अन्नाला शिवत नाही, पण धूर तिच्यातून जातो आणि डांबरासारखा थर चढतो. टोपी चिकटून फिरेनाशी होते. उपाय: टोपी गरम असताना जाड हातमोजा घालून फिरवून मोकळी करायची. तरीही हलली नाही तर अर्धा तास चांगल्या आचेवर चालवून काढायची, थर ठिसूळ होतो, मग पितळी ब्रशने घासायचा. मधला स्क्रू-नट काढून दोन्ही चकत्या सुट्या करून सीझन करा. दोन चकत्या एकत्र ठेवून तेल लावून भाजल्या तर तेच तेल मधे पक्कं होऊन त्यांना एकमेकींना जोडतं. घासणाऱ्या पृष्ठभागांवर तेलाऐवजी कोरडी ग्रॅफाइट पूड चोळा.

बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांसाठी: कव्हर घातलं म्हणजे ग्रिल कोरडं राहतं असं नाही. दिवसा ऊन पडलं की आतली हवा दमट होते, रात्री तीच बिडावर पाणी होऊन जमते. नोव्हेंबरात जाळी आणि टोपी काढून घरात आणा. कव्हर घातलेल्या ग्रिलच्या दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवा. शून्याखाली राहिलेली जाळी हिवाळ्यात वापरायची असेल तर आधी घरात तासभर राहू द्या, वर जमलेलं पाणी पुसा, मगच आचेवर.

खाडीकाठ

आमच्याकडे उलट प्रश्न, खारी हवा आणि चार महिने पाऊस. मे अखेरीला ग्रिल कसं बांधून ठेवायचं ते लिहितो.

सगळ्यात आधी राख. लाकडी कोळशाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असतात. कोरडी असते तोवर ती निरुपद्रवी. हवेतला ओलावा शोषला की ती क्षाराचा लगदा होते, हा क्षार सीझनिंग विरघळवतो आणि उघड्या पडलेल्या बिडावर ओल धरून ठेवतो. केटलच्या तळातली आणि झडपांच्या पात्यांमागची राखसुद्धा काढा. याच कारणाने बिडाची जाळी राखेने घासू नका. पितळेच्या भांड्यांना चिंच आणि राख ठीक आहे, बिडाला दोन्ही वाईट.

जाळी साबणाने धुवा. साबणाने सीझनिंग जातं ही भीती जुन्या कास्टिकवाल्या साबणाच्या काळातली आहे, आजच्या भांड्यांच्या लिक्विडने पक्का थर जात नाही. धुऊन गॅसवर पाच-सात मिनिटं तापवा. मग कोमट जाळीला औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन पातळ लावा. इथे खाद्यतेल नको, कारण न भाजता ठेवलेलं खाद्यतेल दोन महिन्यांत खवट आणि चिकट होतं. पॅराफिन तसंच राहतं. खाकी कागदात गुंडाळून घरातल्या कपाटात उभी ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत कोंडलेला ओलावा बाहेर पडत नाही. ऑक्टोबरात साबणाने धुवायची, तापवायची आणि सूर्यफुलाचा एक थर भाजायचा. पॅराफिन पूर्ण धुऊन काढल्याशिवाय तेलाचा थर धरणार नाही.

बाहेरच्या भागांना, म्हणजे पाय, बिजागऱ्या, शेगडीचं बाहेरचं अंग, यांना ६०० अंशांपर्यंत टिकणारा स्टोव्हचा काळा रंग मारा. अन्न किंवा निखारे जिथे लागतात तिथे रंग नाही.

पाटावरवंटा

भाजण्याबद्दल लिहायचं राहिलंय. जाळीचं सीझनिंग निम्मं धुण्यात जातं आणि निम्मं चुकीच्या भाजण्यात.

दही, लिंबू, आगळ, चिंच यांच्या आम्लाने थर सैल पडतो. तंदुरीचं मॅरिनेशन किंवा आगळ चोळलेला बांगडा भाजायला हरकत काहीच नाही, फक्त जाळी आधी पूर्ण तापलेली हवी आणि भाजून झाल्यावर लगेच साफ झाली पाहिजे. रात्रभर मसाला तसाच राहिला तर सकाळी त्या जागी तांबूस रेघा दिसतात. टिक्क्याचं दही निथळून, बोटाने निपटून मग जाळीवर ठेवा.

तेल जाळीला लावायचं की अन्नाला? भाजताना अन्नाला. जाळी १०-१५ मिनिटं तापल्यावर तिच्यावर तेल फासलं तर ते क्षणात धूर होतं, मागे कडवट थर राहतो. बांगडा पुसून कोरडा करा, कातडीला तेल लावा, सळ्यांना तिरका ठेवा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. कच्ची प्रथिनं धातूला धरतात, कातडी खरपूस झाली की ती आपोआप सुटते. उलथनं घालून ओढावं लागत असेल तर अजून वेळ आहे असं समजा. मासा, पनीर यांसाठी निखारे एका बाजूला आणि अन्न दुसऱ्या बाजूच्या कडेवर. तिथे सीझनिंग शाबूत असतं. भर निखाऱ्यांवरची उघडी पडलेली जागा वांगी, कणसं, मटणाचे जाड तुकडे यांना ठेवा. काही जाळ्यांच्या सळ्या एका अंगाने रुंद-सपाट आणि दुसऱ्या अंगाने निमुळत्या असतात. मासा रुंद अंगावर कमी फाटतो, पण कातडी जास्त धरते. मी निमुळतं अंग वर ठेवून मासा भाजणं योग्य मानते.

भाजून झालं की झाकण लावून दहा मिनिटं जळू द्या, मग ब्रश. इथे काळजी घ्या. पोलादी तारेच्या ब्रशच्या काड्या सुटून जाळीला चिकटतात आणि घासातून पोटात जातात. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) २०१२ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, काहींच्या आतड्याला छिद्र पडलं होतं. नारळाच्या काथ्याचा जाड बोळा लांब चिमट्यात धरा, पाण्यात बुडवून झटका आणि गरम जाळीवर फिरवा. एवढ्या ओलाव्याने वाफ होऊन कीट सुटतं, बिडाला धक्का बसत नाही. अर्धा कांदा काट्याला टोचून घासला तरी तेच काम होतं. शेवटी आच उतरल्यावर तेलाचं किंचित ओलसर फडकं चिमट्याने फिरवा. निखारे जिवंत असताना हाताने फडकं फिरवू नका, थेंब पडला की भडका उडतो.

मृद्गंधा

रसायनी, तुमच्या सांगण्याप्रमाणे २३० वर परत भाजली, चिकटपणा गेला. थेंब खरवडले, त्या जागा उघड्या आहेत. आता दुसरा प्रश्न, शेजारच्यांच्या जाळीचा. ती गंजून पूर्ण तांबडी आहे आणि वर जुन्या सीझनिंगचा जाड, सुटत नसलेला थर. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवावी का?

रसायनी

रात्रभर नको. व्हिनेगर गंज संपला की बीडही खायला लागतं, पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, अर्धा तास, मग काढून घासा. गंज उरला तर पुन्हा अर्धा तास. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि तत्काळ आचेवर सुकवा. उघडं ओलं बीड डोळ्यांदेखत नारिंगी होतं, ते पाहून घाबरू नका, तो पातळ गंज फडक्याला तेल लावून पुसला की निघतो.

पण व्हिनेगर तेलाचा जाड थर काढत नाही, आणि त्या थराखाली गंज असतोच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी थर, मग गंज. थरासाठी कास्टिक सोडा, २० लिटर थंड पाण्यात ५०० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बादलीत. पाण्यात सोडा हळूहळू घालायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही, उकळी फुटून अंगावर उडतं. लांब रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. मुलं आणि जनावरं फिरकणार नाहीत अशा जागी बादली ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं, चमचा काहीही त्यात नको, हायड्रोजन सुटतो. त्याच कारणाने पीके ग्रिलसारखी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची ग्रिलं या वाटेने कधीच साफ करू नयेत. दोन-तीन दिवसांत थर मऊ होऊन स्टीलच्या काथ्याने निघतो. कास्टिक तेलाचा साबण करतं, बिडाला काही करत नाही.

गंज खूप खोल असेल तर विजेने काढता येतो. प्लॅस्टिकच्या टबात दर ४ लिटर पाण्याला एक टेबलस्पून धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर, ऋण टोक जाळीला, धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. पत्रा स्टेनलेसचा घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. मीठ घालू नका, क्लोरीन सुटतो. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, त्यामुळे हे अंगणात, विस्तवापासून लांब. जाळीला हात लावण्याआधी चार्जर बंद. पाच-सहा तासांत गंज काळ्या गाळासारखा पुसला जातो.

खाडीकाठ

आंबलेल्या पेजेत बुडवून ठेवायची जुनी रीत आहे, तिचाही गुण येतो. आंबटपणा सौम्य असल्याने दोन दिवस ठेवली तरी चालतं, रोज पेज बदलायची आणि काथ्याने घासायचं. हलक्या गंजाला पुरेसं आहे, खोल गंजाला नाही.

मिशिगनकर

एका सळईला कोपऱ्यात केसासारखा तडा दिसतोय. जोडून घेता येईल का?

ओतशाळा

निकेलच्या रॉडने, आधी सगळी जाळी तापवून आणि नंतर गरम वाळूत सावकाश निववून जोडता येते, पण जाळीसाठी तो खर्च परवडत नाही आणि जोड आचेवर पुन्हा उघडतो. आधी तडा खरा आहे का ते बघा: कोरडी जाळी दोरीला टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोका. अखंड बीड घंटेसारखं घणघणतं, तडकलेलं बद्द वाजतं. तडा एकाच सळईला, कडेच्या चौकटीपासून दूर असेल तर ती बाजू थंड अंगाला ठेवून वापरत राहा. चौकटीला गेला असेल तर जाळी बाजूला ठेवा, वजन घेऊन निखाऱ्यांत कोसळते. नवी घेताना ज्या जागी सळई चौकटीला मिळते तिथे गोलाई आहे ना ते पाहा. काटकोनात, धारदार मिळणाऱ्या सळ्या तिथेच तडकतात.